वाहतूक पोलिसांनी थांबवल्यावर मोबाईल कधी, कशासाठी आणि किती वापरावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळस्टॉपला, अलका टॉकीजच्या चौकात किंवा स्वारगेटला वाहतूक पोलिसाने हात करून गाडी बाजूला घ्यायला सांगितली, की चालकाचा हात परवान्याच्या पाकिटाकडे जाण्याआधी मोबाईलकडे जातो, हे पुण्यात रोज दिसणारे दृश्य आहे. कोणी घरी कळवतो, कोणी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतो, कोणी लगेच चित्रीकरण सुरू करतो. आणि कित्येकदा समोरचा कर्मचारीही स्वतःच्या खिशातला मोबाईल काढून गाडीचे छायाचित्र घेतो. जी तपासणी पाच मिनिटांत संपायला हवी ती अर्धा तास लांबते, आणि हा सगळा वाद मागून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत उभे राहून चाललेला असतो.

सोसायट्यांमध्ये आणि महाविद्यालयांत वाहतुकीच्या नियमांविषयी बोलायला जातो तेव्हा याच विषयावर मला सर्वाधिक प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. माझी भूमिका आधीच सांगतो. थांबवलेल्या त्या काही मिनिटांत मोबाईलवरचे बोलणे दोन्ही बाजूंनी बंद असावे. मात्र बोलण्यावरच्या या मर्यादेचा उपयोग नागरिकाला नोंद ठेवण्यापासून रोखण्यासाठी होता कामा नये, आणि त्याचा मोबाईल उघडून आत डोकावण्याचा अधिकार तर तिच्यातून मुळीच निघत नाही. कोणावर प्रत्यक्ष खटला चालू असेल, तर त्याने वकिलाचाच सल्ला घ्यावा.

पोलिसांनी थांबवल्यावर मोबाईल वापरू नये, असा कायदा आहे का?

असे थेट सांगणारे स्वतंत्र कलम नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 184 हे धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याविषयी आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने त्यात वाहन चालवताना हातात धरून मोबाईल वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आला. गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून, स्टँड लावून तुम्ही उभे असाल, तर नुसते फोनवर बोलणे हा या कलमाखालचा गुन्हा होत नाही.

तरीही बोलत राहण्याची मोकळीक आहे, असा याचा अर्थ नव्हे. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना दाखवणे हे कलम 130 नुसार चालकाचे कर्तव्य आहे. तो मागत असताना तुम्ही कानाला फोन लावून बोट वर करत राहिलात, तर ते कर्तव्य टाळल्यासारखेच होते. कायदेशीर सूचना जाणूनबुजून न पाळणे आणि कामात अडथळा आणणे यासाठी कलम 179 आहे, आणि त्याखालचा दंड 2019 च्या दुरुस्तीने 2000 रुपयांपर्यंत गेला. म्हणजे मोबाईलवर थेट बंदी नसली, तरी त्याच्यामुळे जे राहून जाते त्याची जबाबदारी चालकावर येते.

गाडी चालवणे नेमके कुठे संपते? सिग्नलला उभे असताना फोन पाहिला तर?

लाल सिग्नलला थांबणे म्हणजे गाडी उभी करून ठेवणे नव्हे. इंजिन चालू असते, हात हँडलवर किंवा स्टिअरिंगवर असतात आणि काही सेकंदांत सगळा चौक हलणार असतो. त्यामुळे तिथे फोन हातात घेणे सुरक्षित आहे किंवा ते नियमात बसते, असे समजणे चूक आहे. सर्वांत धोक्याचा क्षण मात्र वेगळाच आहे. पोलिसाने हात केल्यापासून गाडी कडेला लागेपर्यंतच्या त्या वीस-तीस पावलांत चालक गोंधळलेला असतो, आरशात पाहत नाही, आणि नेमका तेव्हाच फोनकडे वळतो. एकदा कर्वे रस्त्यावर मी स्वतः गाडी बाजूला घेताना वाजलेला फोन उचलला होता आणि मागून येणारी बस करकचून ब्रेक लावत माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. दंड झाला तो वेगळ्याच कारणासाठी, पण त्या दिवसापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत मी फोनला हात लावत नाही.

कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये फोन खुपसून बोलणारे पुण्यात जागोजागी दिसतात. हात मोकळे असले, तरी लक्ष मोकळे नसते, आणि फोन घसरला की हात आपोआप हँडल सोडतो.

रस्ता पाहण्यासाठी नकाशा लावला असेल तरी कारवाई होते का?

1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग शोधण्यासाठी उपकरण वापरता येते. फोन स्टँडवर पक्का बसवलेला असावा आणि पत्ता निघण्यापूर्वीच टाकलेला असावा. थांबवल्यावर नकाशा चालू असल्याचे दाखवायला हरकत नाही. पण एका हातात फोन धरून नकाशा पाहत येत असाल, तर ही सवलत तुमच्या कामाची नाही.

ओळखीच्या माणसाला फोन लावून पोलिसाच्या हातात दिला तर काय बिघडते?

या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या शहरातल्या बहुतेक वादांचे मूळ इथेच आहे. ‘मामा, एक मिनिट, साहेबांशी बोला’ हे वाक्य प्रत्येक चौकात ऐकू येते. पलीकडे नगरसेवक असतो, नात्यातला एखादा अधिकारी असतो, किंवा नुसताच चढ्या आवाजात बोलणारा मित्र असतो. पलीकडचा माणूस खरोखर कोण आहे, हे उन्हात उभ्या असलेल्या त्या शिपायाला कळण्याची कोणतीही सोय नसते. त्याने फोन घेतला नाही तर उद्याच्या बदलीची भीती, आणि घेतला तर शेजारी उभ्या असलेल्या, कोणाचीच ओळख नसलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाच्या डोळ्यांदेखत अन्याय.

कायद्याच्या दृष्टीने फोनवरून आलेल्या अशा सूचनेला काही किंमत नाही. गुन्हा घडला की नाही आणि तो तडजोडीने मिटवण्याजोगा आहे की नाही, हे कलम 200 आणि त्याखालील सरकारी अधिसूचनांवरून ठरते. चलान चुकीचे वाटत असेल, तर तक्रार करण्याचा आणि न्यायालयात बाजू मांडण्याचा रीतसर मार्ग उपलब्ध आहे. कर्मचाऱ्याने अनोळखी माणसाचा फोन हातात घेऊ नये, असा स्पष्ट आणि लेखी नियम असावा, असे मला मनापासून वाटते. कारण असा नियम शिपायाच्या पाठीशी उभा राहतो आणि त्याला नम्रपणे पण ठामपणे ‘मला परवानगी नाही’ असे म्हणता येते. नागरिकाने स्वतःपुरती सुरुवात आजच करावी. थांबवल्यावर कोणालाही फोन लावायचा नाही, एवढे ठरवले तरी अर्धा वाद टळतो.

कागदपत्रे मोबाईलमध्येच असतील तर फोन खिशात कसा ठेवायचा?

तो बाहेर काढावाच लागेल, आणि तसे करणे पूर्णपणे कायदेशीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 139 नुसार परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधून दाखवलेला परवाना मूळ परवान्याइतकाच ग्राह्य आहे, आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खातरजमा झालेले कागद पुन्हा छापील रूपात मागू नयेत, असे 2020 च्या दुरुस्तीत म्हटले आहे.

इथे अनेकांची एक चूक होते. परवान्याचा कॅमेऱ्याने काढलेला फोटो गॅलरीत असणे आणि डिजिलॉकरमध्ये परवाना देणाऱ्या खात्याकडून आलेली प्रत असणे, यांत फरक आहे. फोटोला ती मान्यता नाही. शिवाय डिजिलॉकरमध्येही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद आणि खात्याने दिलेला कागद हे दोन वेगळ्या विभागांत दिसतात. दाखवायचा तो दुसरा. पेठांतल्या गल्ल्यांमध्ये किंवा इमारतींच्या तळघरातून बाहेर पडताना नेटवर्क दगा देते, तेव्हा ॲप आधीच एकदा उघडून तपासून ठेवावे.

फोन शक्यतो स्वतःच्या हातातच धरून दाखवावा. तो कर्मचाऱ्याच्या हातात द्यावाच लागला, तर अँड्रॉइड फोनमधील ॲप पिन करण्याची किंवा आयफोनमधील गाइडेड ॲक्सेसची सोय वापरावी, म्हणजे परवान्याच्या पडद्याखेरीज दुसरे काही उघडत नाही. दोन मिनिटांत शिकता येणारी ही गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून शिकवावी.

पोलिसांशी चाललेल्या संभाषणाचे चित्रीकरण करता येते का?

सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्य बजावत असलेल्या पोलीस कर्मचाऱ्याचे चित्रीकरण करण्यास मनाई करणारी तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै 2022 मध्ये तर पोलीस ठाणे हेदेखील शासकीय गुपिते कायदा, 1923 नुसार ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, आणि म्हणून तिथे केलेले चित्रीकरण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे म्हटले. ठाण्याच्या आतल्या चित्रीकरणाबद्दल ही स्थिती असेल, तर उघड्या चौकातल्या तपासणीला तो कायदा लावता येणार नाही, हे उघड आहे.

मात्र चित्रीकरण आणि अडथळा यांच्यातली रेषा चालकाने स्वतः जपायची असते. शासकीय कर्मचाऱ्याच्या कामात जाणीवपूर्वक अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अंगावर धावून जाणे किंवा बळाचा वापर करणे हे कलम 132 मध्ये बसते आणि तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. कर्मचाऱ्याच्या तोंडासमोर फोन नाचवणे, त्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीला हात लावणे, ‘आता तुला व्हायरल करतो’ अशी धमकी देणे, या गोष्टींमुळे आपली न्याय्य बाजूसुद्धा कमकुवत होते.

मी लोकांना असे सुचवतो. आधी इंजिन बंद करावे, गाडीवरून उतरावे, परवाना दाखवावा. चित्रीकरण आवश्यक वाटलेच, तर ‘मी नोंद ठेवतो आहे’ असे एकदा शांतपणे सांगावे, दोन-तीन पावले मागे राहावे, आणि शक्य असल्यास मागे बसलेल्या व्यक्तीकडे फोन द्यावा, म्हणजे चालकाचे हात कागदपत्रांसाठी मोकळे राहतात. बोलणे आणि चित्रीकरण एकाच वेळी करू नये. समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण तर टाळावेच, कारण प्रेक्षक आहेत म्हटल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज चढतो आणि माघार घेणे कोणालाच जमत नाही.

‘चित्रीकरण बंद करा’ असे पोलिसाने सांगितले तर?

कारण विचारावे, तेही ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणून. कधी कारण खरे असते. शेजारी अपघातग्रस्त माणूस असतो, एखादी अल्पवयीन मुलगी असते, किंवा तुम्ही उभे असता तीच जागा धोक्याची असते. नवले पुलाच्या उतारावर रस्त्यात उभे राहून चित्रीकरण करणाऱ्याला बाजूला हो म्हणणारा पोलीस त्याचा जीवच वाचवत असतो. कारण न देता फोन बंद करायला लावले, तर तिथेच हुज्जत घालू नये. वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक आणि कर्मचाऱ्याच्या छातीवरचे नाव लक्षात ठेवून घरी गेल्यावर लगेच लिहून काढावे.

पुण्यात एक सावधगिरी जास्तीची आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना, लोहगावचा हवाई तळ, दक्षिण मुख्यालयाचा परिसर, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी अशी संरक्षण खात्याची ठिकाणे आपल्या नेहमीच्या रस्त्यांना लागून आहेत. त्यांच्या फाटकांसमोर थांबवले गेल्यास कॅमेरा त्या दिशेला वळवू नये. वर सांगितलेला निर्णय पोलीस ठाण्याविषयी आहे. संरक्षणाच्या ठिकाणांना शासकीय गुपिते कायदा लागू होतो.

काढलेली चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकावी का?

माझे उत्तर, शक्यतो नको. चित्रफीत हा पुरावा आहे आणि पुरावा तक्रारीसोबत द्यायचा असतो. काटछाट करून, वर संगीत लावून टाकलेल्या चित्रफितीची विश्वासार्हता राहत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फाइल ज्या फोनमध्ये काढली त्यातच, बदल न करता ठेवावी. अर्धवट चित्रफितीवरून एखाद्या कर्मचाऱ्यावर लाचखोरीचा खोटा आरोप पसरला, तर बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि त्या माणसाच्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागते याचाही विचार आपण करायला हवा.

पोलीस त्यांच्या स्वतःच्या मोबाईलने माझ्या गाडीचा फोटो काढू शकतात का?

जुलै 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांनी याविषयी आदेश काढला. ई-चलानसाठी कर्मचाऱ्यांनी खाजगी मोबाईलवर छायाचित्रे किंवा चित्रफिती घेऊ नयेत, आणि तसे आढळल्यास कारवाई होईल, असे त्यात बजावले आहे. खाजगी फोनवर फोटो काढून ठेवायचे आणि नंतर सोयीने ते चलानाच्या यंत्रणेत चढवायचे, अशा तक्रारी वाहतूकदारांनी केल्या होत्या, ही त्यामागची पार्श्वभूमी.

हा आदेश नुसता शिस्तीचा नाही. सरकारी ई-चलान यंत्रातून काढलेल्या फोटोला वेळ आणि जागा चिकटलेली असते, तो थेट यंत्रणेत जातो आणि त्याचा हिशोब लागतो. खाजगी फोनमधला फोटो मात्र त्या माणसाच्या घरगुती फोटोंच्या शेजारी जाऊन बसतो. तो कोणाला पाठवला, कधी पुसला, चलान न करता त्याच्या बदल्यात काय मागितले, हे कोणालाच कळत नाही. मागे बसलेली स्त्री किंवा मूल त्या फोटोत असते, ही गोष्ट तर अधिकच गंभीर आहे. केंद्रीय नियमांतील नियम 167अ मध्ये, जो ऑगस्ट 2021 मध्ये आला, अंगावर लावायचे कॅमेरे आणि गाडीतील कॅमेरे यांचाही इलेक्ट्रॉनिक देखरेखीची साधने म्हणून समावेश आहे आणि अशा साधनांना मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. खिशातल्या खाजगी फोनला असे कोणतेही प्रमाणपत्र नसते.

कर्मचाऱ्यांची बाजूही नोंदवायला हवी. प्रत्येक चौकात पुरेशी यंत्रे नसतात, असलेल्यांची बॅटरी दुपारी संपते, आणि वरून कामगिरीचा आकडा विचारला जातो. खाजगी फोनवर बंदी घालायची तर प्रत्येकाच्या हातात चालणारे सरकारी यंत्र देणे ही शासनाची जबाबदारी आहे. नाहीतर आदेश कागदावर राहतो.

असा फोटो काढताना दिसले, तर ‘साहेब, हा फोटो यंत्रातून घेता का?’ एवढेच विचारावे. चलान आलेच, तर त्याच्यासोबतच्या छायाचित्रावरील वेळ आणि ठिकाण तपासावे, आणि तफावत असल्यास महाट्रॅफिक ॲप किंवा राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. हद्दीकडे लक्ष द्यावे. 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे वाकडच्या चलानाची तक्रार पुणे शहर वाहतूक शाखेकडे नेऊन उपयोग होत नाही.

पोलीस माझा मोबाईल उघडून तपासू शकतात का? व्हॉट्सॲप दाखवा म्हणाले तर?

वाहतूक तपासणीत पोलिसांना मोबाईलची आतली तपासणी करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने दिलेला नाही. कलम 206 कागदपत्रे ताब्यात घेण्याविषयी आहे, कलम 207 वाहन अडकवून ठेवण्याविषयी. मोबाईल या दोहोंत नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर निर्णय देताना, खाजगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे एकमताने सांगितले. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा. सिग्नल तोडल्याचे प्रकरण आणि एखाद्याच्या पाच वर्षांच्या गप्पा, बँकेचे संदेश, दवाखान्याचे अहवाल, यांचे एकमेकांशी काही प्रमाणच नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादमध्ये पोलीस रस्त्यावर थांबवलेल्या तरुणांच्या मोबाईलमधील गप्पांत अमली पदार्थांचे उल्लेख शोधत असल्याच्या चित्रफिती समोर आल्या, तेव्हा देशभर जी चिंता व्यक्त झाली ती याचसाठी.

गंभीर गुन्ह्याचा तपास चालू असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली उपकरण हजर करण्याचा आदेश निघू शकतो, कलम 106 खाली गुन्ह्याशी संबंधित संशयास्पद वस्तू जप्त होऊ शकते, आणि कलम 185 खालच्या झडतीसाठी अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे आता पोलिसांवरच बंधनकारक आहे. फोनचा सांकेतिक क्रमांक सांगायला लावणे हे अनुच्छेद 20(3) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग ठरते का, यावर न्यायालयांमध्ये मतभिन्नता आहे. पण तो प्रश्न तपासातला आहे, चौकातला नाही.

चौकात एवढे म्हणणे पुरेसे आहे : ‘साहेब, परवाना आणि गाडीचे कागद दाखवतो. मोबाईल तपासायचा असेल तर लेखी कारण द्या.’ आवाज चढवू नये, फोन लपवू नये, काही पुसू तर मुळीच नये.

मी फोनवर बोलत नव्हतो, हे सिद्ध करण्यासाठी कॉलची यादी दाखवावी का?

ती दाखवणे बंधनकारक नाही. स्वखुशीने दाखवता येते. कर्मचाऱ्याने स्वतः पाहिलेले आणि यंत्रात टिपलेले छायाचित्र हा त्याचा पुरावा असतो. यादी दाखवायचीच असेल, तर फोन स्वतःच्या हातात ठेवून तेवढाच पडदा दाखवावा.

मोबाईल किंवा गाडीची चावी हिसकावून घेतली तर?

चावी काढून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, आणि मोबाईल जप्त करायचा तर वर सांगितलेली प्रक्रिया आणि पंचनामा लागतो. ओढाताण मात्र करू नये. 112 वर फोन करावा, तो शेजारच्या व्यक्तीच्या फोनवरून केला तरी चालतो. नंतर वाहतूक शाखेचे उपायुक्त किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. तिथे दाद लागली नाही, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

दंड जागेवरच मोबाईलवरून भरायला सांगितला तर?

अधिकृत यंत्रातून निघालेला चलान क्रमांक आणि पावती असेल तरच भरावा. कोणाच्याही वैयक्तिक क्रमांकावर किंवा खिशातून काढलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत. तसे पैसे मागणे ही लाच आहे. आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरतो. भाग पाडले म्हणून दिली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला त्या कायद्यात संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064.

व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलान थकले आहे’ असा संदेश आणि सोबत एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल आली, तर ती उघडू नये. चलानाची फाइल अशी येत नाही. ती उघडल्यावर फोनचा ताबा भामट्यांकडे जातो. चुकून उघडली गेली, तर फोनचे इंटरनेट बंद करून बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

अपघात झाल्यानंतरही हेच नियम आहेत का?

नाहीत. अपघातात मोबाईलचा पहिला उपयोग 112 किंवा 108 ला फोन करण्यासाठी, आणि तो ताबडतोब. पोलीस आल्यावर तुम्ही अपघाताच्या वेळी फोनवर होता का, हा तपासाचा मुद्दा होऊ शकतो, आणि त्याच्या नोंदी मोबाईल कंपनीकडून रीतसर मागवल्या जातात. तुमच्या फोनमधून यादी पुसल्याने त्या नोंदी जात नाहीत. उलट पुरावा नष्ट केल्याचा संशय येतो.

रात्री एकट्या स्त्रीला थांबवले, तर तिने घरी फोन करावा का?

जरूर करावा. बोलणे बंद असावे, या माझ्या आग्रहाला हा स्पष्ट अपवाद आहे. गाडी उजेडात, माणसे असतील तिथे थांबवावी, घरच्यांना एका वाक्यात ठिकाण कळवावे, थेट लोकेशन पाठवावे आणि मग फोन चालूच ठेवून परवाना दाखवावा. महिला कर्मचारी बोलावण्याची विनंती करता येते. कोणत्याही समजदार अधिकाऱ्याने याला हरकत घेऊ नये. प्रत्यक्ष अटक झाली, तर नातेवाइकांना कळवणे ही पोलिसांचीच जबाबदारी आहे, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, स्त्रीला अटक करता येत नाही.

मागे बसलेल्याला फोन वापरता येतो का?

येतो. कलम 184 चालकासाठी आहे. सोबत्याने ओरडून पलीकडच्याला हकिगत सांगत बसू नये, एवढेच.

अमेरिकेतल्या चित्रफितींमध्ये दिसणारे नियम इथे चालतात का?

पुण्यातल्या पुष्कळ घरांतली मुले तिकडे आहेत, म्हणून हा प्रश्न येतो. तिथे थांबवलेल्या चालकाने हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत ही अपेक्षा असते, कारण हातात शस्त्र असण्याची भीती तिथल्या पोलिसाला खरी वाटते. खिशातून झटकन फोन काढणे तिथे जिवावर बेतू शकते. फोनच्या झडतीसाठी सामान्यतः वॉरंट लागते, असे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले. हे निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाहीत, आणि तिकडच्या तावातावाने बोललेल्या संवादांची नक्कल डेक्कनच्या चौकात करून काही साधत नाही. पूर्ण थांबणे आणि हात दिसत ठेवणे, एवढी तिकडची सवय मात्र घेण्याजोगी आहे.

ज्यांना ऐकू येत नाही, किंवा मराठी येत नाही, त्यांनी काय करावे?

त्यांच्यासाठी मोबाईल हेच बोलण्याचे साधन आहे. श्रवणदोष असलेल्या व्यक्तींना आपल्या देशात परवाना मिळतो, आणि शिट्टी किंवा हाक ऐकू न आल्याने ते थांबले नाहीत, तर त्याला उर्मटपणा समजले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. अशा चालकांनी ‘मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा’ असे वाक्य मोठ्या अक्षरात फोनच्या पडद्यावर तयार ठेवावे आणि त्याचाच एक छापील कागद परवान्याच्या पाकिटात ठेवावा, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असू शकते. शिकायला किंवा नोकरीला बाहेरून आलेल्यांनी भाषांतराचे ॲप वापरायला हरकत नाही. कर्मचाऱ्यानेही अशा वेळी ‘फोन ठेवा’ म्हणण्याआधी पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.